सुशिक्षित प्रोस्टेट

३ ऑक्टोबर
थोरल्या भावाच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोग निघाला. वाईट वाटले; आश्चर्य वाटले नाही. आयुष्यभर बँकेत मॅनेजर, आयुष्यभर गोमांस आणि व्हिस्की. मी तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक: टोफू, हिरवा चहा, संयम. फुमिए म्हणाली, "अहो, दोघं एकाच आईची मुलं ना? उद्याच रक्त तपासून या." पत्नीला आनुवंशिकता कळते, जीवनशैली कळत नाही. शिवाय आमच्या मात्सुए शहरात या विषयाचा बरा डॉक्टर एकच, मिनोबे. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला असताना त्याला मी तर्कशास्त्रात नापास केले होते. त्याच्यासमोर विजार उतरवणे अशक्य.

५ ऑक्टोबर
वाचनालयात संशोधन वाचले. हादरलो. अधिक शिकलेल्या, अधिक कमावत्या पुरुषांत हा रोग अधिक सापडतो! म्हणजे धोका गोमांसात नसून पदवीत आहे. माझ्याकडे तीन आहेत. निर्णय: स्वतःचा सामाजिक स्तर तातडीने खाली आणणे.

६ ऑक्टोबर
मोटार बंद, सायकल सुरू. टाय कपाटात. अग्रलेखाऐवजी घोड्यांच्या शर्यतींचे पान वाचले. व्याकरणाच्या चुका आढळल्या. लाल शाईने दुरुस्त केल्या. ही शेवटची वेळ.

१४ ऑक्टोबर
सार्वजनिक स्नानगृहात जाऊ लागलो. तेथे शिंजी सरोवरात शिंपले काढणारा कुरामोची भेटतो. धडधाकट, अल्पशिक्षित, अर्थात सुरक्षित. त्याच्यासारखी शिवी देऊन पाहिली. गरम पाण्यात तो हसून हसून बुडायचा बाकी राहिला. "गुरुजी, ही शिवी आहे की आभारप्रदर्शन?" सराव हवा.

२३ ऑक्टोबर
रोज सरोवराकाठी सायकल. बूड ठणकते, स्तर घसरत असल्याचा हा पुरावा. फुमिएचे मत: "तुम्ही मजूर नाही दिसत. मजुराचे कपडे पळवलेले प्राध्यापक दिसता."

१ नोव्हेंबर
इस्पितळातून भावाचा फोन. आवाज खोल गेलेला. "तपासलंस ना रे? मी फार उशीर केला. तू नको करूस." म्हटले, उद्या जातो. केवळ त्याच्या समाधानासाठी. माझा स्तर आता पुरेसा खालावला आहे.

२ नोव्हेंबर
दवाखान्यात सायकलनेच गेलो. मिनोबे कमरेत वाकून म्हणाला, "या गुरुजी, किती वर्षांनी!" मग हातमोजा चढवून, "कुशीवर वळा. जरा सैल सोडा." पुढील तपशील नोंदवत नाही.

९ नोव्हेंबर
निकाल. हाताला गाठ लागली नव्हती, पण रक्तातला प्रोस्टेटचा आकडा थोडा वर. मिनोबेने विचारले, "गुरुजी, हल्ली सायकल चालवता?" सांगितले, दररोज, प्रतिबंधक उपाय म्हणून. तो खाली बघत म्हणाला, "सीटच्या दाबानंसुद्धा आकडा वाढतो कधी कधी." मी संशोधनाचा दाखला दिला. तो म्हणाला, "अहो, शिकलेले लोक तपासून घेतात, म्हणून त्यांच्यात सापडतो. आठवतं? 'अधिक सापडणे म्हणजे अधिक असणे काय?' तुमचाच प्रश्न. मी 'होय' लिहिलं, म्हणून तर नापास झालो."
मी टाय सारखा करायला हात नेला; टाय कपाटात होता.
"तुम्हाला नापास नाही म्हणत, गुरुजी. सायकल बंद. डिसेंबरात फेरपरीक्षा."
सायकल हातात धरून चालत निघालो. सरोवरापाशी पेडल नडगीवर आदळले. सायकलीला एक शिवी हासडली.
होडीतून कुरामोची ओरडला, "आत्ता जमली, गुरुजी!"