महाबळेश्वरची एकोणीस तारीख

२ डिसेंबर, धर्मापुरी
साहेबांनी आज नवं काम दिलं. त्यांच्या आठ जणांच्या गटाला गोल्फ खेळायला महाबळेश्वरला न्यायचंय. सगळे बागायतदार, पन्नाशीपुढचे. फौजेतून आलेल्या सुभेदारकाकांनी वर्षभर माळावर शिकवलंय त्यांना. खोल्या, गाडी, तिथल्या जुन्या क्लबची परवानगी, सगळं माझ्याकडे. "तारीख तूच धर. शिकलेली हायेस, मला इचारू नको," म्हणाले आणि नागपूरला गेले. बाराला येणार.

साहेबांच्या ऑफिसातले माझे चाचणीचे तीन महिने या महिन्यात संपतात. मग पक्की करायची की नाही ते ठरेल. घरी आप्पांनी सरळ सांगितलंय, तुझी नोकरी टिकली तर धाकटी मंदा कॉलेजला. नाहीतर तिला बघायला येणारे तयारच आहेत.

४ डिसें.
क्लबचं उत्तर. इंग्रजांच्या वेळेपासूनचे नियम. बाहेरच्या गटाला फक्त शुक्रवार. बारा किंवा एकोणीस मोकळी. बाराला साहेब परतणार, म्हणजे एकोणीस. कॅलेंडरात त्या चौकोनात अमावास्या. जरा थबकले. पण अमावास्येला भिऊन कामं अडवायची तर बी.ए. कशाला केलं? 'हो' कळवून टाकलं. बरं वाटलं. तारीख साहेब आल्यावरच सगळ्यांना सांगेन.

६ डिसें.
तिथे कॉलरचा शर्ट आणि बूट लागतात. गटातल्या नानांना फोन केला. म्हणाले, "मग धोतरावर घालतो की कॉलर."

आप्पांचा पाटोद्याहून फोन. गोल्फ म्हणजे काय ते समजावलं.  त्यांनी विचारलं, "एवढं गवत, आन् एक बी मेंढरू न्हाई?"

९ डिसें.

घरमालकीण शांतामावशी आंबिलीसाठी ज्वारी निवडत होत्या. सहज विचारलं, कशाला एवढी? एकोणीसला येळवस. म्हणजे वेळ अमावास्या. सगळं गाव त्या दिवशी शेतात जेवतं. कडब्याची खोप करतात, आत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा. साहेबांच्या शेतात तर लांबलांबची माणसं येतात आणि वाढायला स्वतः साहेब.

"त्या दिशी शेत सोडून कोन जाईल गं? तुमच्याकडं न्हाई का?"

नाही. आमच्या पाटोद्याकडे नाही. आणि आमच्या घरी शेतच नाही, मेंढरं आहेत. आठ बागायतदारांना मी नेमकं त्याच दिवशी...

१० डिसें.
तारीख बदलायला क्लबला तीनदा फोन. जानेवारीअखेरपर्यंत शुक्रवार भरलेत. कुणी रद्द केलं तर कळवतील.
सुभेदारकाकांना सांगावंच लागलं. म्हणाले, "माझ्यावर ढकल पोरी. फौजी मानूस, तिथी काय कळती त्याला, म्हन."
मोह होतोय. मंदाचा मेसेज आलाय, ताई, बारावीनंतरचं काही ठरलं का? 

१३ डिसें.
सांगितलं. मीच केलं, असं साहेबांना म्हणाले. काकांचं नाव घेतलं नाही. साहेब चष्मा पुसत राहिले.
कॅलेंडरात अमावास्या दिसली नव्हती का, विचारलं. दिसली होती, तरीही धरली, असं खरं तेच सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला. मग, "मला इचारू नको म्हनलो व्हतो. गावात दुसरं मानूसच न्हवतं का इचारायला?"
दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "एकोनीसला शेतात ये जेवायला. बाकीचं नंतर बघू."
नंतर म्हणजे कधी. बघू म्हणजे काय.

१९ डिसें.
साहेबांच्या शेतात, खोपीमागे बसून लिहितेय. भाज्या-डाळींची घट्ट भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, आंबील. साहेबांनीच वाढलं, सगळ्यांना वाढलं तसंच. नोकरीबद्दल शब्द नाही. नाना धोतरावर कॉलरचा शर्ट घालून आलेत, खास मला दाखवायला.

आजची तारीख रद्द केलीच होती. पाच वाजता क्लबचा मेसेज. नऊ जानेवारी रिकामी झालीय, सहापर्यंत कळवा. कॅलेंडर पाहिलं, त्या चौकोनात काही नाही. तरी मावशींना विचारलं. मग नानांना. नाना म्हणाले, "माझं काई न्हाई. साहेबाचं साहेबाला इचार."

साहेब पेटती पेंढी घेऊन शेताभोवती फिरायला गेलेत. मधे हाक मारायची नसते, काका म्हणाले. धूर अजून पलीकडच्या बांधावर दिसतोय. फोनमध्ये 'हो' लिहून ठेवलंय, पाठवलेलं नाही. पावणेसहा झाले. साहेब परततील त्या बांधावर जाऊन उभी राहते.