तिसऱ्या अंकातला हात

१५ जून, रविवार. सकाळी ७.४०
आजपासून रोज पहाटे पाचला उठून नाट्यलेखन. आज पहिलाच दिवस, म्हणून पावणेआठ चालतील. विषय सापडला: अपघात, वैद्यकीय तंत्रज्ञान आणि मनाची उभारी. नाव 'पोलादी पालवी'. डहाणूच्या नाट्यमहोत्सवाला सहा आठवडे आहेत. लेखक, दिग्दर्शक, नायक: मी. नायक तिशीचा, मी त्रेपन्नचा. मेकअप कशासाठी असतो?

१६ जून
शाळा सुटल्यावर धाकट्या डहाणूला, मच्छीमारांच्या वस्तीत गेलो. दशरथ भेटला, माझा जुना विद्यार्थी. गेल्या वर्षी बोटीवरच्या दोर ओढायच्या विंचमध्ये त्याचा डावा हात मनगटापासून गेला. एका संस्थेने बॅटरीवरचा हात बसवून दिलाय. कोपराखालचा स्नायू आवळला की बोटं मिटतात. माझे डोळे पाणावले. तिसरा अंक तिथेच सुचला: नायक त्या हाताने जाळं सांधतो, पडदा!
दशरथची वेगळीच काळजी. बोट चालवणारा तांडेल म्हणतो, मासेमारीची बंदी उठेपर्यंत जाळं सांधून दाखव, तर नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर घेतो. नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलाय. मी म्हटलं, माझं नाटक लागू दे, तांडेल पाया पडत येईल.

२२ जून
दशरथला पहिला अंक वाचून दाखवला. तो म्हणतो, मी हॉस्पिटलात रडलोच नव्हतो. फक्त विंच सुरू झाली की अजून अंगाला घाम फुटतो, म्हणून बंदरावरून न जाता लांबच्या रस्त्याने घरी येतो. यात नाट्य काय? रडण्याचं स्वगत साडेतीन पानांचंच राहील. त्याची बायको प्रभा मध्येच म्हणाली, चहा गार होतोय. रसिकता सगळीकडे नसते.

२९ जून
तालमीसाठी हात मागितला. दोनच आठवडे. दशरथ हाताचा पट्टा चाचपत राहिला. मग म्हणाला, सर, तुम्हाला नाही कसं म्हणू? म्हणजे आनंदाने दिला. प्रभा आत भांडी आपटत होती. घर लहान आहे, आवाज होतोच.
पहाटे उठणं येत्या सोमवारपासून नक्की.

६ जुलै
हात माझ्या मुठीवर नीट बसत नाही. बसणार कसा, माझी मूठ आहे. आत दोन पायमोजे कोंबले, इलॅस्टिकने बांधला. आता मिटतो. कधी मिटेल ते सांगता येत नाही. अभिनयात उत्स्फूर्तता हवीच.

१३ जुलै
प्रभाचा फोन. हात कधी देता? समजावलं की कलेला तारखा नसतात. (महोत्सवाची २७ आहे, ती वेगळी.) दशरथ सध्या पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून ताणतो आणि उजव्या हाताने सुई चालवतो म्हणे. वाईट वाटलं. विज्ञानाच्या युगात अंगठा! माझ्या नाटकाची गरज अधिकच पटली.

२८ जुलै. शाळेत रजा टाकली
कालच्या प्रयोगाविषयी थोडक्यात. दोष लाइटवाल्याचा. त्याच्या लाइटमुळे घाम आला, आणि घामाने हात बिघडतो हे दशरथने सांगितलं नव्हतं. (सांगितलं होतं. तेव्हा मी स्वगत म्हणत होतो.) बोटं जाळ्यावर मिटायची ती नाटकात डॉक्टर झालेल्या आमच्या शाळेच्या नीलम मॅडमच्या स्टेथोस्कोपवर मिटली. स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात. मी मागे सरकलो, त्याही आल्या. अशा दोन चकरा झाल्या. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. गंभीर प्रसंग होता.
मग दशरथ स्टेजवर चढला. कसलंसं बटण दाबून बोटं सोडवली. हळूच म्हणाला, घाबरू नका सर, माझंपण पहिल्यांदा असंच व्हायचं. माईक चालू होता. सभागृह एकदम चिडीचूप.
आमच्या चकरांत जाळं फाटलं होतं. ते त्याला बघवेना. तिथेच खाली बसला, अंगठ्यात जाळं अडकवलं आणि भराभर सांधून टाकलं. टाळ्या थांबेनात. तांडेल पहिल्या रांगेत उभा राहिला होता. माझं दीड पान स्वगत उरलं होतं. ते म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

२ ऑगस्ट
निकाल. लक्षवेधी अभिनय: 'हात सोडवणारा मच्छीमार', संयत भूमिका. नायकाविषयी परीक्षकांनी लिहिलंय, विनोदाची जाण उत्तम. तक्रार करणार होतो. पण आमच्या नाट्यसंस्थेचं हे एकच बक्षीस.

१७ ऑगस्ट, रविवार
प्रमाणपत्र आणि हात घेऊन धाकट्या डहाणूला गेलो. दशरथ आठ दिवसांपासून बोटीवर. प्रभाने हात फळीवर ठेवला. म्हणाली, राहू दे, लग्नाकार्याला लागतो. मी विंचचं विचारलं. पहिल्या दिवशी त्याला उलटी झाली. दुसऱ्या दिवशी कमी. आता विंच चालू असताना तांडेल त्याच्या शेजारी उभा राहतो, बोलत काहीच नाही.
हा खरा तिसरा अंक. तो त्याने मला जूनमध्येच सांगितला होता. लाज वाटली. तरी सवयीने वही काढली.
प्रभा म्हणाली, सर, वही ठेवा आणि हे टोक धरा. फाटकं जाळं ताणायला माणूस हवा होता. तासभर धरलं. तीनदा सुटलं. शेवटी ती म्हणाली, दोन हात आहेत ना सर तुमाला?
चप्पल काढली आणि जाळं अंगठ्यात अडकवलं. पायात गोळा आला.