निस्कालांचा बर्च कोणी जगवला

मी, लेम्पी निस्काला, वय एक्क्याऐंशी, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार हेमलॉक रस्ता, लाँगपॉइंट, मिशिगन, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. हा कागद मी कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहिलेला नाही. मला धाक घालायला आजवर जे आले ते जेवून परत गेले. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात अंगणातल्या बर्चच्या झाडाबद्दल एक अक्षर नव्हते.

वकीलबाई मिस डुलाँग म्हणाल्या, "लेम्पीबाई, चार कलमं पुरेत. बाकीचं मनात ठेवलं तरी चालेल." बाकीचे मी अडतीस वर्षे मनातच ठेवले होते. आता ते कागदावर येऊ दे.

कलम १. राहते घर, मागची सौना म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, आणि घराभोवतीची जमीन माझा मुलगा रॉडनी याला द्यावी. तो सत्तावन्न वर्षांचा आहे, लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवतो आणि त्याचे वडील गेल्यापासून माझ्याजवळ राहतो. छप्पर ईशान्येच्या कोपऱ्यात गळते. ते त्याला ठाऊक आहे, तरीही "बघतो" म्हणतो. या कलमाला एक अट आहे, ती पाचव्या कलमात येईल. मिस डुलाँग म्हणतात अशी अट कोर्टात टिकत नाही. मला कोर्टात टिकवायचीच नाही, घरात टिकवायची आहे.

कलम २. बँकेत जे असेल ते माझी मुलगी कॅरिन हिला. ती डेन्व्हरला असते आणि दर रविवारी फोन करते. तिने घर मागितले नाही, बर्फ उपसण्याचा तिला लहानपणापासून कंटाळा आहे.

कलम ३. वेलदोड्याच्या गोड नीसू पावाची कणीक मळायची लाकडी परात कॅरिनलाच द्यावी. वेलदोडे जाडसर कुटायचे, पूड करायची नाही. हे तिला शंभर वेळा सांगितले आहे, आज कायदेशीर सांगते. शाळेतून निवृत्त होताना मिळालेला मोठा डाव मात्र शाळेला परत द्यावा. त्या डावाने मी सव्वीस वर्षे मुलांना वाटाण्याचे सूप वाढले आणि एकही मूल उपाशी वर्गात गेले नाही. कोणी म्हणत असेल की गेले, तर त्याचे नाव सांगावे.

कलम ४. झाकणाची जस्ती बादली, जिच्यातून सौनाच्या चुलीतली राख बाहेर नेतात, ती माझी नणंद एल्मा रुओना हिला द्यावी. एल्मा शेजारच्याच घरात राहते. तिला वाटेल मी टोमणा मारला. बरोबर वाटेल. पण तिच्या कुंपणाकडच्या लायलॅकच्या झुडपाला, ज्याच्या फुलांवर तिला जत्रेत चार वेळा पहिला नंबर मिळाला, त्या लायलॅकला खाऊ घालणारी बादली हीच आहे. ते कसे, हे पुढे वाचावे. बसून वाचावे.

कलम ५. अंगणातला बर्च.

हा रानातला बर्च नव्हे. रानातले आमच्याकडे चुलीत जातात. हा रोपवाटिकेतून आणलेला, पांढऱ्याशुभ्र खोडाचा, कातरलेल्या पानांचा, फांद्या खाली सोडणारा शोभेचा बर्च आहे. १९६८ साली माझे यजमान आर्वो यांनी तो लावला. तो कामाला होता ती खाण त्याच वर्षी बंद झाली. आर्वो चाळिशीत घरी बसला. जिथे अर्ज केला तिथून नकार आला, मासे पकडायला गेला तर जाळे हरवून आला. एकदा दिवसभर गाडीचे इंजिन खोलून बसला आणि संध्याकाळी ते पुन्हा जोडता येईना म्हणून अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला. फक्त हे झाड जगले. पुढे त्याला परगण्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढण्याचा नांगर चालवायचे काम मिळाले आणि त्याच्यासारखा नांगर कोणी चालवला नाही, रस्त्याकडेच्या एका टपालपेटीला कधी धक्का लागला नाही. पण माणूस सावरला तो या झाडामुळे, हे मी पाहिलेले आहे.

आता शनिवार म्हणजे सौना. सौना म्हणजे चूल, आणि चूल म्हणजे राख. आमच्या लोकांत राख टाकून देत नाहीत. ती बटाट्याला घालतात, निसरड्या वाटेवर पसरतात. आर्वोच्या बापाने बटाट्याला घातली, म्हणून आर्वोने बर्चला घातली. दर शनिवारी एक बादली, खोडाभोवती गोल. तिसऱ्या उन्हाळ्यात पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. आर्वो म्हणाला, "कमी पडतेय, दोन बादल्या घालू."

मी लोणच्याच्या बरणीत माती भरून शेतकी कचेरीत नेली. तिथला माणूस म्हणाला, "बाई, बर्चला आंबट माती लागते. तुमची राखेने पार खारवलीय. या मातीतलं लोह त्याला घेताच येत नाही. अजून दोन हिवाळे असंच चाललं तर सरपण होईल."

मी घरी आले. आर्वो दारात उभा राहून झाडाकडे बघत होता. मला म्हणाला, "लेम्पी, हा तरी जगेल ना गं?" मी म्हणाले, "जगेल." आणि मग तो जगवला.

रविवारी आर्वो लवकर चर्चला जायचा, तिथली भट्टी पेटवायचे काम त्याच्याकडे होते. मी मागाहून जायची. मधल्या तासाभरात मी राख उपसायची. बर्फ असला की सोपे, काळे तेवढे उचलायचे. वर पातळ थर ठेवायचा, नाहीतर त्याला कळले असते. उपसलेली राख कुंपणापलीकडे एल्माच्या लायलॅकखाली. लायलॅकला राख मानवते. जत्रेत एल्मा म्हणाली होती, "आमच्या निस्कालांच्या हाताला गुणच आहे. आर्वोचा बर्च बघा, माझं लायलॅक बघा. लेम्पी बिचारी, तिला फक्त सूप जमतं." मी तेव्हा लिंबूसरबत पीत होते, ते संपवले. असे अडतीस हिवाळे मी राख उपसली, एल्मा.

नुसती उपसून भागत नाही. झाडाला कधी काय घालायचे ते लिहिते. हे मी कोणाला सांगितलेले नाही.

बर्फ वितळला, फावडे मातीत शिरू लागले आणि कळ्या अजून मिटलेल्या आहेत, तेव्हा सावकाश विरघळणारे खत. खोडाशी नाही, फांद्यांची टोके जिथवर पोचतात तिथे, कारण खाणारी मुळे तिकडे असतात. आधी पाणी, मग खत, मग पुन्हा पाणी. त्याच सुमाराला माती आंबट राहावी म्हणून थोडे गंधक, आणि लोह. मी ते कॉफीच्या निळ्या डब्यात ठेवायची आणि आर्वो निळ्या डब्याची कॉफी पीत नसे. जूनमध्ये खत नाही, पाणी आणि पाइनच्या वाळलेल्या सुयांची चादर. जूनमध्ये कात्रीही नाही. एल्मा दर वर्षी मध्य-उन्हाळ्याच्या सणाला, सौनात अंगावर मारून घ्यायच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधायला कात्री घेऊन येते. ओल्या जखमेच्या वासावर खोड पोखरणारा भुंगा येतो, तिला रानातल्या बर्चकडे पाठवावे. चार जुलैनंतर खत अजिबात नाही, नाहीतर उशिरा कोवळे फुटते आणि पहिल्या थंडीत काळे पडते. पाने गळून गेली की जमीन गोठण्याआधी एकदा, वसंतातल्याच्या निम्मे. मग हिवाळाभर त्याला एकटे सोडावे. हिरवळीवरचे तण मारायचे औषध झाडापासून दूर ठेवावे. घर ज्याचे त्याने हे सगळे पाळायचे आणि राख घालायची नाही, हीच पहिल्या कलमातली अट.

बागप्रेमी मंडळाने झाडासमोर पितळी पाटी लावली आहे, "आर्वो निस्काला यांचा बर्च". आर्वो त्या दिवशी लग्नातला कोट घालून उभा होता. ती पाटी काढू नये. तिच्याखाली त्याच मापाची दुसरी लावावी, "राख उपसली, खत घातले: लेम्पी निस्काला". अक्षरे त्याच्याएवढीच असावीत, लहान नकोत.

आर्वो दोन वर्षांपूर्वी गेला. राख टाकायचे काम रॉडनीने उचलले. त्याला कोणी सांगितले नव्हते, बापाची आठवण म्हणून. गेल्या नोव्हेंबरात माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि मला वाकता येईना. चाळीसेक बादल्या झाडाभोवती तशाच राहिल्या. या जूनमध्ये शेंडा पिवळा पडला.

हे सगळे मेल्यावर वाचायला ठेवणार होते. पण मी कधी मरेन कोण जाणे, झाड तेवढे थांबणार नाही. आणि सांगितले तर रॉडनीच्या मनातला त्याचा बाप एका बादलीने कमी होतो. उन्हाळाभर मी हे दोन्ही घेऊन बसले. परवा शनिवारी तो सौनातून बादली घेऊन आला, तेव्हा मी म्हणाले, "ठेव ती खाली."

"का? झाड वाळतंय आई. बाबा असते तर दोन घातल्या असत्या."

"तुझे बाबा असते तर मी उद्या सकाळी उपसल्या असत्या."

मग सगळे सांगितले, बरणीपासून निळ्या डब्यापर्यंत. तो ओल्या केसांनी उभाच राहिला.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"चाळीस वर्षांत एकदाही बोलली नाहीस?"

"त्या वर्षी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं होतं लोकांनी. मी अजून झाड कुठे काढून घेऊ? आणि नंतर सांगायची वेळ निघून गेली."

"मग तो बाबांचा बर्च नाहीच."

"लावला त्याने. पाणी त्याने घातलं. तू आजारी होतास तेव्हा खिडकीतून दिसावा म्हणून तुझी खाट त्याने हलवली. त्याचाच आहे. मरू दिला नाही ती मी. दोघांचं नाव घेतलंस तर जीभ झडणार नाही तुझी."

तो झोपायला गेला. मला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर हलकेही वाटले.

रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला उठून पाहते तर रॉडनी झाडाखाली गुडघ्यांवर बसून राख उपसत होता. मी काठी घेऊन बाहेर गेले.

"किती खोल काढू?" त्याने विचारले.

"दोन बोटं. मुळं वरच असतात, खरवडू नकोस."

"आणि ते लोह? आत्ता घालू?"

"आत्ता नाही. पानं गळू देत, मग अर्धं खत. लोह वसंतात."

"किती?"

मी मूठ उघडून दाखवली. त्याने आपली उघडली. ओंडके ओढून ओढून त्याचा पंजा माझ्या दुप्पट झाला आहे. माझी मूठ कागदावर लिहिता येत नाही आणि त्याची मोजून घेतल्याशिवाय त्याला कळणार नाही. ऑक्टोबरात एकदा, बर्फ वितळल्यावर एकदा, आणि जूनमध्ये एल्माची कात्री अडवायला एकदा मला तिथे उभे राहावे लागेल.

म्हणून मिस डुलाँग, हा कागद पक्का करून पेटीत ठेवा, पण घाई करू नका. पुढचे वर्षभर मला मरायला सवड नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, आणि एकही शब्द मागे घेत नाही.

सही: लेम्पी निस्काला

आमच्यासमोर सही केली. बाई पूर्ण शुद्धीवर होत्या आणि त्यांनी आम्हाला कॉफी पाजल्याशिवाय सोडले नाही:
१. व्हर्ना केटोला, ग्रंथपाल
२. गॉर्डन टेर्वो, निवृत्त टपालवाला

स्थळ: लाँगपॉइंट, मिशिगन
दिनांक: २० सप्टेंबर २०१०