गादीचे गणित आणि दाजींचे डोके

ती. दाजींना शिरसाष्टांग नमस्कार (कंबर वाकेल तितका, उरलेला भाव मानून घ्यावा).

देवाच्या कृपेने इकडे सर्व ठीक. आपण सायकलवरून पडलात, कोपर सोलवटले, पण हेल्मेटमुळे डोके शाबूत राहिले, असे ताईने कळवले. हेल्मेट आमच्या कंपनीचे, मीच पाठवलेले, म्हणून तिने माझे कौतुकही केले. ते कौतुक मला टोचते आहे.

आमची कंपनी मुळात खुर्च्यांच्या गाद्या करणारी. हेल्मेट अलीकडचे. ते खरोखर आपटण्याआधी आम्ही संगणकात आपटतो, आणि आतला फोम दाबल्यावर कसा वागेल याचे गणित (त्याला मॉडेल म्हणतात) संगणकाला आधी द्यावे लागते. गादीचा फोम माणूस उठला की फुगतो. हेल्मेटचा एकदा चिरडला की चिरडला. आमच्या साहेबांनी हेल्मेटला गादीचेच मॉडेल लावले. का, तर ते तयार होते, आणि योग्य मॉडेल लावले की गणित मध्येच बंद पडते. (गणित चुकल्याचा साहेबांना राग येत नाही, थांबल्याचा येतो.)

मग काय, संगणकातले हेल्मेट आपटले, दबले आणि सत्काराला बसलेल्या पुढाऱ्यासारखे पुन्हा ताठ झाले. कितीदाही आपटा, तेच. साहेब हरखले. आता फोम पातळ करायचा आणि खोक्यावर छापायचे, 'कितीही पडा, हेल्मेट नवेच!' खरे आपटून बघू म्हटले, तर म्हणे मग संगणक घेतला कशाला?

मी बैठकीत म्हणालो, "साहेब, स्वतः मोडून माणसाला वाचवायचे, हाच त्या फोमचा धर्म. एकदा वाचवले की त्याचे काम संपले."

साहेब म्हणाले, "तुम्ही फोमलासुद्धा देवळात नेऊन बसवाल."

सगळे हसले. माझ्या हाताखालचे दोघे जरा जास्तच. छपाई सोमवारी आहे.

कोपराला जपावे. ताईस नमस्कार.

आपला मेहुणा

ता. क. ते पडलेले हेल्मेट पुन्हा घालू नका. वरून चकचकीत दिसेल, आतून संपलेले आहे. आजच मला पाठवा. सोमवारच्या आत साहेबांच्या टेबलावर कापून ठेवतो, आणि विनंती करतो की आतला चिरडलेला फोम पुन्हा फुगेपर्यंत छपाई थांबवा. पत्राचे खरे कारण एवढेच.

आणखी एक. आपल्यासाठी नवे हेल्मेट पाठवले आहे. ताईला सांगू नका, पण ते आमच्या कंपनीचे नाही. घेताना मला ओशाळल्यासारखे झाले. ओळखीचा दुकानदार म्हणाला, संकोचू नका, तुमचे साहेबही घरच्यांसाठी इथूनच नेतात.