देव बसलेला रेडिओ

२ सप्टें. जुन्नर.
शमीम दुकानात आली. तिचे अब्बा म्हणजे माझे उस्ताद. रेडिओचं काम मी त्यांच्याकडंच शिकलो. म्हणाली, "भाऊ, अब्बा स्वतः रेडिओ बनवायचे, हे माझ्या पोरांनाबी खरं वाटत न्हाई. नुसती रिपेरी करायचे म्हणत्यात." जुन्या रेडिओ-टीव्हींचं प्रदर्शन मांडायला ती मला घराची बाहेरची खोली देतेय. माझ्याकडं कंपन्यांचे सेट ढिगानं. उस्तादांच्या हातचा एकही नाही. राग येतो. कुणावर, कळत नाही.

६ सप्टें.
सापडला! घाटघरला, ठकूआजींच्या घरी. डायलच्या काचेवर पुणे आणि मुंबईच्या मधे उस्तादांनी ब्रशनं 'जुन्नर' रंगवलंय. जुन्नरला रेडिओ स्टेशन कधीच नव्हतं. काय माणूस!
पण आतली मशिनरी माळ्यावर, आणि खोक्यात देव. पितळी खंडोबा, अन्नपूर्णा. स्पीकर देवांच्या पाठीशी तसाच.
नवं देवघर करून देतो म्हणालो. आजी: "पयलं ह्यातून आमाला ऐकू यायचं. आता आमी ह्यात सांगतो. नवं कशाला?"
मशिनरी तेवढी न्या म्हणाल्या.

११ सप्टें.
उंदरांनी वायरी खाल्लेल्या. कंडेन्सर बदलले. उस्तादांच्या सोल्डरिंगला मात्र हात लावला नाही. आज टेबलावरच्या स्पीकरवर रेडिओ बोलला!! बायको म्हणते, "जेवायचं भान न्हाई, नवी नवरी आणल्यावानी."
पण त्या खोक्याशिवाय, त्या 'जुन्नर'शिवाय, हा उस्तादांचा हे कोण मानणार...

१६ सप्टें.
आजींचा फोन. नवरात्राआधी देव उजळायला बाहेर काढतात. "तेवढी दुपार खोकं मोकळं. काय करायचं ते करा. पर घटाला देव जाग्यावर पायजेत."
एक दुपार. बघू.

२० सप्टें. घाटघर.
धुकं. लाईटचा लपंडाव. शमीम बरोबर. आजी ओसरीवर देव चिंचेनं घासत बसलेल्या. मी मशिनरी बसवली, स्पीकर जोडला. त्याच्या कागदी पडद्यावर दिव्याची काजळी. फाटला तर संपलंच.
बटण. व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसतं घूं. मग खरखर. मग पुणे! बाजारभाव चालले होते, कांदा-बटाटा. इतकं गोड काही ऐकलं नव्हतं. शमीमनं 'जुन्नर'वर बोट ठेवलं, फोटो काढला पोरांसाठी, आणि रडली. मीही रडलो, लाज कसली.
ऊन कललं. बंद करायला उठलो, देव आत ठेवायचे म्हणून. घट परवा. देव कुठं बसणार, रेडिओ कुठं राहणार, विचारायचा धीर होईना. आजींनी माझा हात धरला. लखलखीत देवांचं ताट उचलून रेडिओसमोर ठेवलं.
"ऱ्हाऊ द्या चालू. आमचं लई ऐकलं त्यांनी. आता त्यांनाबी जरा ऐकू द्या."