तेवीसशे सोळा ओळींवर कोणाचं नाव

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

आज दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी सिसिलिया ऊईने माझं नाव पुसलं. वेळ मी मनाने सांगत नाही, गिटमध्ये नोंदलेली आहे. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असते ना, तसं आमच्या प्रोग्रॅमसाठी हे गिट. कोणती ओळ कोणाच्या हातची, कोणत्या दिवसाची, सगळं त्यात. 'ब्लेम' अशी आज्ञा द्यायची, की प्रत्येक ओळीपुढे लिहिणारीचं नाव येतं.

सकाळी तेवीसशे सोळा ओळींपुढे फिलोमेना याप होतं. संध्याकाळी तेवीसशे सोळाच्या तेवीसशे सोळा ओळींपुढे सिसिलिया ऊई. एक रिकामा कंससुद्धा सोडला नाही बाईने!

जेवले नाही. सूप गरम केलं आणि तसंच ठेवलं.

बुधवार, १० सप्टेंबर

हे सगळं शनिवारच्या सभेत सुरू झालं. माजी विद्यार्थिनी संघाच्या वार्षिक जेवणाला चारशे बायका येतात, दहा-दहांची चाळीस गोल टेबलं. कोण कोणाशेजारी बसणार नाही, कोणाची कोण जाऊ, कोणी कोणाची स्वयंपाकीण पळवली — हे सगळं लक्षात ठेवून टेबलं लावतो तो माझा प्रोग्रॅम. तो नसता तर सूप येण्याआधी रक्त सांडलं असतं.

आता समितीला वाटतं, आपण म्हाताऱ्या झालो, प्रोग्रॅम तिघींना हाताळता यायला हवा. लूर्डेस आमची अध्यक्ष, तिच्याकडे विंडोज. सिसिकडे मॅक — ख्रिस्तप्रसादाच्या पापुद्र्याएवढा पातळ, पर्थला राहणाऱ्या तिच्या मुलाने पाठवलेला, हे आम्हाला दर सभेत कळतं. माझ्याकडे लिनक्स. प्रोग्रॅम लिहायला-सुधारायला तिन्हींवर चालेल असा एकच एडिटर निवडायचा.

मी म्हटलं, विम. तिन्हींवर चालतो, सव्वीस वर्षं माझी बोटं त्यात बसलीत, झोपेतही चालतील.

लूर्डेस म्हणाली, "अगं फिलो, त्यात शिरता येतं, पण बाहेर कसं पडायचं? मागच्या वेळी मी सरळ प्लगच उपटला."

सगळ्या हसल्या. सिसि हसली नाही, नुसतं ओठातल्या ओठात. ते जास्त लागलं.

मग तिने आपला एडिटर उघडला. रंगीत अक्षरं. एक कंस उघडला की दुसरा आपोआप मिटतो. चुकीखाली लाल नागमोडी रेघ, अगदी शाळेतल्या सिस्टर इमेल्डांच्या लाल शाईसारखी. तिन्ही मशीनवर तस्साच दिसतो म्हणे. मतं पडली पाच विरुद्ध एक. ते एक माझं.

शाळेतही हेच. निबंध मी लिहायचा आणि वर्गासमोर वाचायला सिसिला उभं करायचं. का, तर तिचा आवाज गोड!

गुरुवार, ११ सप्टेंबर

कारण सापडलं. लिनक्समध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते, विंडोजमध्ये दोन. सिसिने मंगळवारी लूर्डेसच्या मशीनवर नवा एडिटर बसवला, माझी फाइल उघडली आणि नुसती सेव्ह केली, स्वतःच्या नावाने. एडिटरने प्रत्येक ओळीला दुसरी खूण चिकटवली. झालं! गिटच्या लेखी सगळ्या ओळी नव्या, आणि सगळ्या तिच्या.

एक अक्षर लिहिलं नाही हो तिने.

शनिवार, १३ सप्टेंबर

पुलाऊ टिकुसच्या बाजारातून येताना कॉफीच्या दुकानात डोकावले. सिसि आणि लूर्डेस आमच्या टेबलावर. माझ्या खुर्चीवर सिसिचा मॅक.

सिसि म्हणाली, "ये गं फिलो. तुझी काळी कोपी-ओ सांगितलीय, साखर कमी." म्हणजे मी येणार हे तिने धरलंच होतं. मी म्हटलं, पिशवीत मासे आहेत, बसणार नाही. आणि बसले.

"माझं नाव कुठाय?" मी विचारलं.

"कशावरचं?"

"ओळींवरचं."

 ती म्हणाली, "ओळीच्या शेवटी काय असतं ते दिसत नाही ना फिलो. म्हणून कोणाला कळत नाही." आणि कॉफी ढवळत राहिली. साखर घेत नाही ती, तरी ढवळत राहिली.

लूर्डेसने हात वर केले. जेवणाची स्मरणिका शुक्रवारी पाच वाजता छापायला जाणार. 'जेवणाच्या टेबलांचा प्रोग्रॅम' याखाली एकच नाव, गिट दाखवेल ते. तिला त्यातलं काही कळत नाही आणि भांडण नकोय.

बायान लेपासच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात एकतीस वर्षं काढली. एका कागदावर माझं नाव छापलं गेलं नाही. खाली सही साहेबांची. हे एवढं एक माझं आहे. सिसिला मुलगा आहे, नातवंडं आहेत, आवाज आहे. तिला हेही हवं?

रविवार, १४ सप्टेंबर

चर्चमध्ये मिस्साला सिसि दोन बाकं पुढे होती. शांतीचा हात द्यायला वळली. मी चष्मा पुसत होते.

सोमवार, १५ सप्टेंबर

पत्र लिहिलं. हाताने, सिस्टरांनी शिकवलेल्या अक्षरात. गुन्ह्याची तारीख आणि वेळ वर. मग हकीकत. २००९ मध्ये तुझ्या नवऱ्याला, ऑगस्टीनला अर्धांगवायू झाला आणि प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. तेव्हा ते विंडोजवरचं काहीतरी कच्चं खरडलेलं होतं. मी ते लिनक्सवर आणलं, उभं केलं, सोळा वर्षं चालवलं. ओळ ४११ बघ: 'फिलो आणि सिसि नेहमी एकाच टेबलावर, शेजारी शेजारी.' एवढं मी तुझ्यासाठी लिहून ठेवलं, आणि त्याची ही परतफेड! शुक्रवार, १९ सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर हवं.

तिच्या दारातल्या टपालपेटीत स्वतः टाकून आले. कुत्रा भुंकला नाही. ओळखतो मला.

बुधवार, १७ सप्टेंबर

उत्तर नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

उत्तर आलं. माझंच पत्र परत. तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम राहिला होता, तो तिने लाल शाईने घातलाय! खाली लिहिलंय:

"फिलो, ब्लेमपुढे -w लिही. मग ते रिकाम्या जागा आणि ओळींचे शेवट मोजत नाही, खरी लिहिणारी दाखवतं. मंगळवारी सेव्ह करताना मला ते सुचलं नाही, चूक माझी. स्मरणिकेत तुझं नाव घालायला लूर्डेसला सोमवारीच सांगितलंय. — सि."

म्हणजे असा उपाय होता, आणि तो मला माहीत नव्हता, आणि तिला होता. आणि वर मोठेपणा! मला नको तिची भीक. उद्या सकाळी -w लावते, तेवीसशे सोळाही ओळी माझ्या नावासकट छापून काढते आणि दोघींसमोर टेबलावर आपटते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर, सकाळी दहा चाळीस

लावलं.

माझ्या ओळी तीनशे अठ्ठ्याऐंशी. बाकी सगळ्या सिसिलिया ऊई.

ओळ ४११ — सिसिलिया ऊई, २ मार्च २००७.

मागे मागे जाऊन पाहिलं. १४ नोव्हेंबर २००९, फाइल विंडोजवरून लिनक्सवर, प्रत्येक ओळीची दुसरी खूण गेली, गिटच्या लेखी सगळ्या ओळी बदलल्या. बदलणारी फिलोमेना याप. ऑगस्टीन तेव्हा इस्पितळात होता.

तिला सोळा वर्षं दिसत होतं. दर जेवणाला माझ्या शेजारी बसली.

श्रीमती फिलोमेना याप यांस: स्मरणिकेतलं ते नाव खरं कोणाचं? लेखी उत्तर लूर्डेसच्या हाती द्या. आज, संध्याकाळी पाचच्या आत.