उजवा कान

४ जून

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन तुम्हाला कधीच उपयोगी नव्हता. आता मलाही निम्माच उपयोगी आहे, म्हणून पत्र.

आईने तुम्हाला कळवलं असेल की मी नोकरी सोडली. सोडली नाही. वाद्यवृंदात माझ्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते. चांगली वाजवते. निरोपाच्या वेळी सगळे इतकं हळू बोलत होते की मला निम्मं ऐकू आलं नाही. त्याचं वाईटही वाटलं नाही.

डाव्या कानाचं असं झालंय: उजव्याला जो सूर ऐकू येतो, तोच डाव्याला थोडा चढलेला ऐकू येतो. एका तारेचे दोन सूर, आणि ते भांडतात. कापसाचा बोळा घालून पाहिला. पण व्हायोलिन डाव्या जबड्याला टेकलेलं असतं, आवाज हाडातून आत जातो. डॉक्टर म्हणाले, डावा गेला तो गेला, उजवा जपा.

हाताला काही तरी हवं म्हणून धातुकामाच्या केंद्रात नाव घातलं. तुमचाच धंदा, म्हणून निदान एक माणूस तरी हसणार नाही असं वाटलं. मोठ्यांसाठी वर्षभराचा वर्ग आहे. माझ्याहून मोठे एकच आहेत, बस चालवायचे; त्यांची बस बंद झाली. सध्या एकच काम: लोखंडाचा ठोकळा कानशीने घासून सपाट करायचा, मग गुण्याची काटकोनी पट्टी लावून फटीतून उजेड दिसतो का ते बघायचं. माझ्या ठोकळ्याच्या कडा उतरतात आणि मध्ये पोट राहतं. शिकवणारे सर म्हणतात, कानस डोलते. त्यांना सगळे गुण्यासर म्हणतात. ते माणसांकडेही तसेच बघतात.

आईच्या मते हे खूळ आहे. कान परत येईपर्यंत थांबावं, हात खराब करू नयेत. जेवताना ती माझ्या बोटांकडे बघत बसते.

ठोकळा पास झाला की दोनांतलं एक निवडायचं, बाकावरचं फिटरकाम किंवा पत्र्याचं काम. तुम्ही काय म्हणता?

मामींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्यावा.

तुमचा
भुंगा


१२ जून

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामीने आधी वाचलं, मग मला दिलं. या घरात टपाल असंच येतं.

मी हसणार नाही हे कोणी सांगितलं तुला? हसलो. वाद्य हातात घेतलंस त्या पहिल्या वर्षी सुट्टीला आलीस की घरात भुंगा अडकल्यासारखं वाटायचं. तेव्हा माझे कान शाबूत होते, माझं नशीब. त्या पोरीच्या हाती आता कानस आहे. शेजाऱ्यांचं कठीण आहे.

ठोकळ्याला पोट राहतं कारण तू मनगटाने घासतेस. कोपर बरगडीला लाव आणि अंगाने पुढे जा. परत येताना दाबू नकोस. माझा पहिला ठोकळा आरशासारखा झाला होता. (मामी लिहायला सांगते की तो आरसा तिने अजून पाहिलेला नाही.)

मला विचारशील तर फिटरकाम घे. सावकाश, शांत काम आहे. पत्रा म्हणजे दिवसभर ठोकाठोक. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर उभं राहून माझं काय झालं ते तू बघतेसच. आमच्या वेळी कानावर लावायला झाकणं होती, पण लावणाऱ्याला नवरीबाई म्हणायचे. मी नवरीबाई झालो नाही. तुम्हाला देतात ना? लावतेस ना? तेवढं कळव.

ताई येऊन रडून गेली. मला ऐकू येत नाही हे ती विसरते, आणि आठवलं की मोठ्याने रडते.

माया कमी होणार नाही, काळजी नसावी.

तुझा
मामा


९ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ठोकळा पास झाला. कोपराचा उपाय लागू पडला, मामींना सांगा.

मग आम्हाला थोडे दिवस पत्र्याच्या कामाच्या शेडमध्ये सोडलं, निवडण्याआधी बघून घ्या म्हणून. पत्रा ऐकत नाही. मध्येच फुगवटा येतो. इकडे दाबला की तिकडे उठतो. त्याच्यावर मारलं की वाढतो. फुगवट्याला हात न लावता त्याच्या भोवतीने मारत यायचं, मग तो बसतो. सुरुवातीला सगळे फुगवट्यावरच मारतात. बस चालवायचे त्या काकांनी एक अख्खा पत्रा परातीसारखा करून ठेवला. माझा बसला. सरांनी दोनदा हात फिरवून पाहिला आणि विचारलं, आधी कुठे शिकलीस. मी म्हटलं, कुठेच नाही.

शेडमध्ये सगळे एकदम ठोकतात. तिथे सूर नसतो, त्यामुळे दोन सूरही नसतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा दोन्ही कान सुन्न असतात. आईचं बोलणं भिंतीपलीकडून येतं. जेवते आणि झोपते. झोप चांगली लागते.

व्हायोलिन माझ्या एका विद्यार्थिनीला देऊन टाकलं. नेताना तिलाच रडू आलं. तिला पाणी दिलं. आईने नंतर विचारलं, तुला काहीच वाटत नाही का? मी विचार करून पाहिला आणि सांगितलं, नाही.

पत्र्याचं काम घ्यावं असं मनात आहे. सर म्हणतात, त्यात काम लवकर मिळतं.

दोघांनी प्रकृतीला जपावं. लोभ तसाच असू द्यावा.

तुमचा
भुंगा


१५ जुलै

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात फुगवटा आहे, परात आहे, झोप आहे. मी विचारलं होतं त्याचं उत्तर नाही. मी ते वाचून पुढे गेलो होतो. मामीने बोट ठेवलं.

दोन्ही कान सुन्न असतात म्हणतेस. झाकणं लावणाऱ्याचे होत नाहीत. एवढं मला कळतं, ते शिकायची फी मी भरलेली आहे.

हो की नाही, एका शब्दात लिही. बाकी मजकूर नसला तरी चालेल.

आशीर्वाद आहेतच.

तुझा
मामा


२० जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नाही.

झाकणं मिळतात. सर रोज बजावतात. ते बघत असले की लावते, वळले की गळ्यात उतरवते. विसरून नव्हे.

उजवाही डाव्यासारखा झाला की दोघे सारखे होतील आणि भांडण मिटेल. हे मी रागाने लिहीत नाही, रडतही नाही. हिशेब करावा तसं लिहिते आहे. व्हायोलिन गेलं. फोन नकोच असतो. हातोडीला कान लागत नाही. मग उरलेला कान कशाला जपायचा, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

सुट्टीत तुमच्याकडे आले की तुम्ही खुर्चीत बसलेले असायचात. भोवती सगळे एकदम बोलत असायचे आणि तुमचा चेहरा स्वस्थ. मला तेवढं स्वस्थ व्हायचंय.

आईला कळवू नका. गेलेला कान परत यायची ती वाट बघते, मी राहिलेला जायची. एका घरात दोघी वाट बघतोय.

मामी हे आधी वाचतीलच. वाचू देत. दोघांनाही नमस्कार.

भुंगा


२४ जुलै

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

या खेपेला पत्र मी आधी उघडलं. मामी बाजारात गेली होती. तिला दाखवलेलं नाही, हेही दाखवणार नाही.

बहिरेपणा म्हणजे शांतता, असं तुला कोणी सांगितलं? माझ्या चेहऱ्याने सांगितलं असेल, तर तो खोटं बोलला.

प्रेस चालू आहे. कारखाना बंद झाला, प्रेस भंगारात गेली. ट्रकवर चढवली तेव्हा मी तिथे उभा होतो. माझ्या डोक्यात ती चालूच आहे. मी उठायच्या आधी तिची पाळी सुरू झालेली असते. तिच्यावर एक बारीक शिट्टी. तिच्या सुराला काही नाव असेल, ते तू सांगू शकशील. मला एवढंच माहीत आहे की ती थांबत नाही. बाहेरचं सगळं गेलं आणि हे राहिलं. मी स्वस्थ दिसतो, कारण तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडून उपयोग नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मामीला सांगितलं असतं तर तिने औषधांसाठी उंबरे झिजवले असते.

आणखी एक. मामीचा आवाज मला आठवत नाही. आठवतो असं वाटायचं. मग एकदा ती काहीतरी बोलत होती, मी ओठ वाचत होतो, आणि लक्षात आलं की त्या ओठांना मी जो आवाज लावतोय तो माझ्या आईचा आहे. मामीचा कधी गेला ते कळलंच नाही. त्या दिवशी विशेष काही झालं नाही. जेवलो.

पत्र्याचं काम वाईट नाही. घ्यायचं तर घे. कान तुझा आहे, त्याचं काय करायचं ते तू ठरव. पलीकडे काय आहे ते तुला माहीत असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

तुझा
मामा


१९ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. डबा तसाच ठेवून झाकणं लावली. आत ठोकाठोक सुरू झाली तेव्हा ती शेजारच्या इमारतीत चालल्यासारखी वाटली. तेव्हापासून उतरवलेली नाहीत. सर बघून पुढे गेले. मी ती उतरवायचे हे त्यांना आधीपासून माहीत असावं.

पत्र्याचंच काम घेतलं. तुमचा सल्ला मोडला. बाकावर एकटीने उभं राहायचं असतं. मोठा पत्रा एकट्याला उचलवत नाही, दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतं. माझं दुसरं टोक बसवाले काका धरतात. उचल आणि सोड, एवढंच बोलतात. ते वेळेवर ऐकू आलं नाही तर दोघांपैकी एकाची बोटं जातील. त्यांचा आवाज भारी आहे, झाकणांतूनही पोचतो.

मागच्या रविवारी मी येऊन गेले, ते आईने पाठवलं म्हणून नव्हे. मामींचा आवाज ऐकायला आले होते. जन्मभर ऐकलाय, लक्ष देऊन कधीच नाही. तो असा आहे.

खालचा आहे. व्हायोलिनच्या सर्वांत जाड तारेच्याही थोडा खाली. त्यात बारीक खरखर आहे. वाक्य ठामपणे सुरू करतात आणि शेवटचा शब्द हातातून सोडून देतात, तो निम्माच ऐकू येतो. हसण्याच्या आधी नाकातून श्वास सोडतात. स जरा लांबतो, दात पडल्यापासून असेल. भांडी घासताना गुणगुणतात. मला ते बेसूर वाटलं. डाव्या कानाचा दोष असेल म्हणून तो बोटाने बंद करून ऐकलं. बेसूरच आहे.

मला अजून कशाचं काही वाटत नाही. ऐकू मात्र सगळं आलं.

संध्याकाळी तुम्ही गॅलरीत बिजागरीला तेल घालत बसला होतात, दाराकडे पाठ करून. मामी दारात उभ्या राहून तुमच्याशी बोलत होत्या. नळ पुन्हा गळतोय, शेजारणीची मुलगी पास झाली, स्टुलावर चढायचं नाही. मला वाटलं, विसरल्या असतील. नंतर विचारलं. तर म्हणाल्या, विसरेन कशी, रोजच सांगते. समोरून सांगायचं तर ओरडावं लागतं, आणि ओरडून सांगण्यासारखं त्यात काही नसतं.

बोलून झाल्यावर त्या लगेच आत गेल्या नाहीत. उत्तराला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ तिथेच थांबल्या. मग गेल्या.

दोघांनाही नमस्कार. लोभ धरून असा.

तुमचा
भुंगा